बाहुली जाळली तरी भीती जाईना

"मॅडम, बाहुली जाळूनसुद्धा टाकली, तरी ही घाबरतेच, आता काय करू?" दिवाळीनंतर एक आई आली होती ती हेच विचारत. मुलगी सात वर्षांची, इथे तिला चिऊ म्हणूया, ओळख पटू नये म्हणून बाकीचंही थोडं बदललंय.

मावशीने चिऊला लबूबू दिली होती, ते लांब कानांचं, दात विचकून हसणारं केसाळ बाहुलं, दप्तराला अडकवायचं. 2025 मध्ये त्याची काय क्रेझ होती ते सांगायला नकोच. दोन महिने चिऊ ते घेऊन मस्त फिरत होती. मग सोसायटीच्या ग्रुपवर रील आली की हा पझुझू नावाचा राक्षस आहे, घरात ठेवू नका, आणि नेमका त्याच आठवड्यात चिऊला ताप आला. झालं! आजीने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, आईने बाहुली गच्चीवर नेऊन पेटवून दिली आणि चिऊ दाराआडून सगळं बघत होती.

ताप दोन दिवसांत उतरला, व्हायरल होता. भीती मात्र त्या गच्चीनंतर सुरू झाली, आधी नव्हतीच, पण हे घरात कोणाच्या लक्षातच आलं नाही. एकटी बाथरूमला जाईना, रात्री आईचा गाऊन मुठीत धरून झोपायची. मी विचारलं तर हळूच म्हणाली, "मम्मीने तिला जाळलं ना, म्हणून ती आता चिडलीये."

किती सरळ हिशोब आहे बघा. मोठी माणसं एखाद्या खेळण्याला जाळण्याइतकी घाबरतात म्हणजे त्यात काहीतरी असणारच, असंच मूल धरून चालणार ना! दृष्ट काढण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, आजीच्या हाताने बरंच वाटतं पोरांना, पण ओवाळताना "त्या बाहुलीचंच आहे हे" असं आजी बोलल्या ते नडलं. बाबांचं वेगळंच, "आम्ही तात्या विंचूला घाबरायचो, काय झालं आम्हाला?" म्हणून हसण्यावारी न्यायचे, मग चिऊने त्यांना सांगणंच बंद केलं.

त्या रीलचं म्हणाल तर लबूबू हे कासिंग लुंग नावाच्या चित्रकाराने 2015 मध्ये गोष्टींच्या पुस्तकासाठी काढलेलं पात्र, पझुझूशी संबंध शून्य. आणि गंमत म्हणजे पझुझू हा मेसोपोटेमियातला, आजच्या इराककडचा, तिथे बाळंतिणीला आणि बाळाला लमाश्तू नावाच्या राक्षसिणीपासून वाचवायला त्याच्याच मुंडक्याचा ताईत घालायचे! हे ऐकून आई पहिल्यांदा हसली.

मी पहिलं काम आईला दिलं. चिऊला जवळ घेऊन सांगायचं की बाहुलीने काही केलं नव्हतं, मीच घाबरले होते, माझी चूक झाली. अवघड गेलं त्यांना, रडल्या, पण बोलल्या. मग चिऊकडून बाहुलीची चित्रं काढून घेतली, आधी दुरून बघायची, मग हातात. झोपताना आई शेजारी बसायची, दर दोन-तीन दिवसांनी खुर्ची थोडी दाराकडे सरकवायची. मध्ये एकदा पाहुणे आले आणि परत पहिल्यासारखं झालं, तसं होतंच, दोन पावलं मागे येऊन पुन्हा सुरू केलं. तुमच्याकडे असंच चालू असेल आणि शाळा, झोप, जेवण बिघडलं असेल तर मात्र महिनोन्‌महिने वाट बघू नका, मुलांच्या समुपदेशकाला दाखवा.

पाचव्या सेशनला मी रस्त्यावरून घेतलेली दोनशे रुपयांची डुप्लिकेट लबूबू टेबलावर ठेवली. चिऊ आधी खुर्चीमागे गेली. मी म्हटलं, खऱ्या लबूबूला नऊ दात असतात, हिला किती आहेत बघ बरं. लांबून मोजता येईनात, मग एक पाऊल, मग अजून एक, शेवटी बोट लावून मोजले. "अकरा! ही तर खोटी आहे," म्हणून खो खो हसली आणि घरी नेऊ का विचारलं.

आईने हो म्हटलं, पण बाहुली उचलली ती दोन बोटांत धरूनच.