वाचकांचे प्रश्न: डॉक्टरांच्या घरातली जंतूंची धास्ती

जंतूंचा फार धसका घेतलेल्या डॉक्टरांबद्दल सोलापूरहून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं या अंकात घेतली आहेत. नावं गाळली आहेत. उत्तरं संसर्गनियंत्रण, त्वचारोग आणि मानसोपचार या शाखांतल्या आमच्या सल्लागारांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न: माझे पती जनरल प्रॅक्टिस करतात. रात्री घरी आले की चपलांचे तळवे धुतात, नोटा सॅनिटायझरने पुसून दोरीवर वाळत घालतात, आंघोळीच्या बादलीत अँटिसेप्टिक ओततात. कपडे वेगळे भिजवतात. दाराची कडी कोपरानेच उघडतात. यातलं गरजेचं किती? (जुळे सोलापूर)

कपड्यांचं त्यांचं बरोबर आहे. ॲप्रन दवाखान्यातच काढून पिशवीत घालून आणावा आणि घरच्या कपड्यांत मिसळू नये. रक्ताचा डाग असेल तर आधी गार पाण्यात धुवा, कारण गरम पाण्याने रक्तातलं प्रथिन धाग्यात घट्ट बसतं. डाग निघाल्यावर गरम पाणी आणि नेहमीची पावडर. आपल्याकडच्या उन्हात कपडा दोन तासांत कडकडीत वाळतो, हा मोठाच फायदा आहे. दमट राहिलेल्या कापडावर जंतू टिकतात.

चपला आणि नोटा यांवर जाणारा वेळ फुकट आहे. नोटेवर जंतू असतात, पण ते बोटावर येतात आणि ते बोट तोंडाला, नाकाला, डोळ्याला लागलं की मग आत जातात. तेव्हा नोटा मोजताना बोटाला थुंकी लावायची नाही आणि गल्ला मोजून झाला की हात धुवायचे. एवढं पुरतं. अँटिसेप्टिकच्या आंघोळीने धडधाकट त्वचेचा काही फायदा नाही, उलट ती कोरडी पडते. कोपराने कडी उघडण्यात कुणाचं नुकसान नाही, राहू द्या.

त्यांना एक विचारून बघा: स्टेथोस्कोप शेवटचा कधी पुसला? त्याची चकती प्रत्येक रुग्णाच्या अंगाला लागते, म्हणून दोन रुग्णांच्या मध्ये ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने ती पुसायला हवी. मोबाइलचंही तसंच. तो बंद करावा, अल्कोहोल फडक्यावर घ्यावं आणि मग पुसावं. थेट फवारा मारला तर चार्जिंगच्या खाचेत ओल शिरते.

१८४७ साली व्हिएन्नातल्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने इतर डॉक्टरांना क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. त्याचा सगळा भर एका क्षणावर होता: शवविच्छेदन करून आलेला हात बाळंतिणीला लागण्याआधी. आजही रुग्णाला हात लावण्याआधी, जखम किंवा सुईचं काम करण्याआधी, रक्त-लघवी-थुंकी यांचा संबंध आल्यावर, रुग्ण तपासून झाल्यावर आणि त्याच्या खाटेला-सामानाला हात लागल्यावर, असे पाच क्षण धरले जातात. हे सांभाळलं की घरी येताना हातावर फारसं काही उरत नाही.

प्रश्न: मी स्वतः डॉक्टर आहे. दिवसभर साबण आणि लगेच वर सॅनिटायझर, अशी सवय आहे. बोटांच्या पेरांना भेगा पडल्यात, हातमोजे घातले की आग होते. पण धुतलं नाही तर चैन पडत नाही. (होटगी रोड)

आधी दोन्ही एकापाठोपाठ वापरणं बंद करा. साबणाने त्वचेवरचं तेल निघून जातं आणि त्यावर लगेच अल्कोहोल लागलं की चुरचुरतं. जंतू मात्र जास्त मरत नाहीत. हात दिसायला मळलेले असतील, रक्त लागलं असेल, शौचाला जाऊन आला असाल किंवा जुलाबाचा रुग्ण तपासला असेल, तर साबण-पाणी, ४० ते ६० सेकंद. जुलाबाच्या काही विषाणूंवर आणि बीजाणूंवर अल्कोहोल नीट चालत नाही. बाकी वेळी कोरड्या हातावर एका तळहाताच्या खळग्यात भरेल इतकं सॅनिटायझर घेऊन २० ते ३० सेकंद, पुरतं सुकेपर्यंत चोळा. अंगठे आणि नखांची टोकं हमखास राहून जातात.

तुमच्याकडे बोअरचं जड पाणी असेल तर तेही एक कारण. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून माणूस जास्त साबण लावतो, आणि चुन्याची चिकट साय कातडीवर राहून जाते. वडीऐवजी सौम्य लिक्विड क्लेन्झर घ्या. पाणी गार किंवा कोमट असू द्या, कढत नको. पुसताना घासू नका, टिपा. टॉवेल आपल्या सोलापूरचाच, टर्किशचा, पण छोटे तुकडे करून रोज नवा घ्या.

काम चालू असताना पाण्यात मिसळणारं लोशन लावा. पेट्रोलियम जेली किंवा तेल लावून लेटेक्सचे हातमोजे घातले तर रबर कमजोर होऊन फाटतं. जेली रात्री झोपताना, वर सुती मोजे. भेगाळलेल्या हातावर जंतू जास्त बसतात आणि तो हात नीट धुवायलाही माणूस टाळतो, म्हणजे तुम्ही ज्याला घाबरता तेच घडतं. दोन-तीन आठवड्यांत भेगा भरल्या नाहीत तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. हातमोज्यांची ॲलर्जीही असू शकते.

प्रश्न: मी एका दवाखान्यात मदतनीस आहे. मॅडम दर तासाला फरशी पुसायला लावतात. बादलीत हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरिनचं जंतुनाशक) अंदाजाने ओतायचं, जास्त स्वच्छ व्हावं म्हणून त्यात संडास धुवायचं ॲसिड घालायचं. डोळे झोंबतात, खोकला येतो. त्यांच्या केबिनला एसी आहे, खिडक्या कायम बंद. (अशोक चौक)

हे आजच थांबवा. हायपो आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरिन वायू सुटतो. डोळे झोंबणं, खोकला ही त्याचीच लक्षणं. पुन्हा असं झालं तर बादली उचलायला, ओतायला थांबू नका. बाहेर या, दारं-खिडक्या उघडा, दम लागत असेल तर लगेच उपचार घ्या. हायपोत फिनेल, अमोनियाचं क्लीनर असलं काहीही मिसळायचं नाही. हायपो आणि साधं गार पाणी, बस.

माप असं. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर रोजच्या फरशीला आणि टेबलाला ०.१ टक्का पुरतं: २० मिली हायपो आणि ९८० मिली पाणी, म्हणजे १० लिटरच्या बादलीला २०० मिली. रक्त सांडलं तर १ टक्का: २०० मिली हायपो, ८०० मिली पाणी. हातमोजे घालून आधी रक्तावर कागद किंवा फडकं टाका, त्यावर हे पाणी ओता, किमान १० मिनिटं थांबा, मग गोळा करून दवाखान्याच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाका आणि जागा पुन्हा पुसा. स्टीलच्या ट्रॉलीवर हायपो वापरलंत तर नंतर साध्या पाण्याने पुसून घ्या, नाहीतर गंज चढतो.

आधी केर आणि मळ साबणाच्या पाण्याने काढा. मळावर ओतलेलं क्लोरिन मळातच खर्ची पडतं. कालवलेलं पाणी त्याच दिवशी संपवा. उन्हाने आणि उष्णतेने हायपोची ताकद उतरते, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. कॅन गच्चीवर किंवा जिन्याखालच्या तापलेल्या कोपऱ्यात ठेवला असेल तर लेबलावरचे ५ टक्के आत राहिलेले नसतात. घेताना तारीख बघा.

दर तासाला फरशी पुसण्याची गरज नाही. दिवसातून दोन-तीनदा आणि काही सांडलं की लगेच. त्याऐवजी मॅडमना खिडकीचं सांगा. क्षयाचे जंतू खोकल्यातून हवेत तरंगतात, फरशी कितीही पुसली तरी ते हटत नाहीत. साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवत राहतो. खोलीतली हवा ताशी ६ वेळा बदलली तर तरंगणारे ९९ टक्के कण निघून जायला ४६ मिनिटं लागतात, १२ वेळा बदलली तर २३. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवा, एक्झॉस्ट बसवा. खुर्ची अशी मांडा की वारा डॉक्टरांच्या पाठीकडून रुग्णाकडे आणि तिथून बाहेर जाईल. विड्या वळणाऱ्या बाया, यंत्रमागावरचे कामगार खोकला अंगावर काढत येतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायलाच हवी, आणि अशा रुग्णाला आत घेताना मॅडमनी एन-९५ मास्क लावावा. घाबरायचं तर या हवेला घाबरावं.

प्रश्न: बाबा सर्जन आहेत. आता घरीसुद्धा दोन-दोन तास बाथरूममध्ये असतात. आम्ही हात धुतले का, हे पुन्हापुन्हा विचारतात. आईने ‘हो’ म्हटलं तरी दहा मिनिटांनी परत तेच. (विजापूर रोड)

ही नुसती सवय राहिलेली नाही. धुण्यात किंवा त्या विचारात दिवसाचा तासाहून जास्त वेळ जात असेल, काम अडत असेल, तर ओसीडी म्हणजे मंत्रचळ आहे का, हे मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासून घ्यावं. डॉक्टर असल्याने त्यांच्याकडे प्रत्येक कृतीला शास्त्रीय कारण तयार असतं, म्हणून घरचे वाद घालून हरतात. वाद घालू नका.

‘हो, धुतले’ हे उत्तर त्यांना घटकाभर शांत करतं आणि पुढचा प्रश्न पक्का करतं. पण एकदम उत्तर बंद करणं, नळ बंद करणं, चेष्टा करणं, यातलं काही करू नका. उपचारात सोप्यापासून अवघडापर्यंत पायऱ्या आखतात: कडीला हात लावायचा, पाच मिनिटं धुवायचं नाही, अस्वस्थता आपोआप उतरते हे अनुभवायचं, मग पुढची पायरी. घरच्यांनी काय बोलायचं, हेही त्यात ठरतं. जोडीला औषधं लागतात आणि त्यांचा गुण यायला ८ ते १२ आठवडे लागू शकतात. बाबांनी स्वतःच स्वतःला गोळ्या लिहून घेऊ नयेत.

गावात सगळे ओळखतात म्हणून ते टाळत असतील तर बाहेरगावच्या तज्ज्ञाशी व्हिडिओवर बोलता येतं. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ मोफत आहे, चोवीस तास चालते. तिथे घरच्यांनीही फोन करावा.

प्रश्न: गड्ड्याच्या यात्रेला डॉक्टर मेहुणे मुक्कामाला येतात. चादर, टॉवेल, तांब्या, चमचा सगळं स्वतःचं आणतात. पाहुणचार कसा करावा? (बाळीवेस)

टॉवेल वेगळा असणं योग्यच आहे. चादर धुतलेली असेल तर तुमचीही चालेल, पण आणली तर आणू द्या. पाणी उकळी फुटल्यावर निदान मिनिटभर खळखळू द्या आणि त्याच भांड्यात झाकून गार करा. आत हात किंवा पेला बुडवू नका, लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. तव्यावरची गरम भाकरी आणि पाणी न घातलेली शेंगाचटणी ते निर्धास्त खाऊ शकतात. कोरड्या चटणीत जंतू वाढत नाहीत, फक्त शेंगदाणे खवट किंवा बुरशीचे नकोत. सकाळी चिरून ठेवलेला कांदा आणि बाहेरच्या बर्फाचं ताक मात्र देऊ नका.

पाणी रोज येत नसल्याने बॅरल भरलेले असतील, तर त्यांवर घट्ट झाकण हवं. आठवड्यातून एकदा बॅरल रिकामा करून आतली कड ब्रशने घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी त्या कडेलाच चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून दिल्याने ती जात नाहीत.