क्वार्टरबॅक कोण, मुलगा की बाबा?

ताई, तुमचं चार पानी पत्र मिळालं. तुम्ही डॅलसजवळ राहता. मुलगा दहावीत आहे आणि शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या ज्युनिअर व्हार्सिटी संघात (व्हार्सिटी म्हणजे मुख्य संघ, हा त्याखालचा) दुसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा, आहे. त्याच्या बाबांचा बेत असा, की त्याला मोठ्या कॉलेजच्या संघात घालायचं, फुल स्कॉलरशिप मिळवायची आणि वर एनआयएलचे, म्हणजे खेळाडूच्या नावावर नि चेहऱ्यावर मिळणारे, डॉलर. तुम्हाला माझ्याकडून कॉलेजांची यादी हवी आहे. पण तिसऱ्या पानावर तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिली आहे: 'सप्टेंबरमध्ये मॅचमध्ये डोकं आपटलं, दोन दिवस दुखत होतं, पण हे म्हणाले कोचला सांगू नकोस, जागा जाईल.'

यादी राहू द्या. ही ओळ वाचून मी पुढचं पान बराच वेळ उलटलं नाही.

टेक्सासमध्ये २०११ पासून कायदा आहे. कन्कशनचा, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसल्याचा, नुसता संशय आला तरी खेळाडूला लगेच मैदानाबाहेर काढायचं आणि डॉक्टरनं लेखी दिल्याशिवाय परत घ्यायचं नाही. हा कायदा अमलात येतो तो कुणीतरी तोंड उघडलं तर. तुमच्या घरात तेच बंद केलं गेलं. पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर या वयात मेंदूला सूज येऊन जिवावर बेतू शकतं. क्वचित घडतं, पण घडतं. तेव्हा आज पहिलं काम म्हणजे शाळेच्या अ‍ॅथलेटिक ट्रेनरला खरं काय ते सांगा आणि डॉक्टरची वेळ घ्या. यजमानांची परवानगी विचारत बसू नका.

आता यजमानांबद्दल. गुरुवारची मॅच संपली की जेवणाआधी टीव्हीवर तिचा व्हिडिओ लागतो आणि चुकलेला प्रत्येक पास एक्सेलमध्ये भरला जातो, असं तुम्ही लिहिता. कोट्याला मुलं पाठवून दर रविवारी टेस्टचे मार्क मागणारे बाप मी खूप पाहिलेत. तुमचे यजमान त्यांच्यातलेच, फक्त इथे रँकच्या जागी पासची टक्केवारी आली आहे. तुम्हाला वाटतं, अभ्यासाऐवजी खेळाला पाठिंबा देणारा मराठी बाप म्हणजे मोकळ्या मनाचा. माफ करा, मला तसं वाटत नाही. पोरगा म्हणतोय, 'मला रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) खेळू दे ना.' त्यावर उत्तर मिळतं, 'रिसीव्हरला कोण विचारतं?' पोरानं स्वतःसाठी मागितलेली एवढी एकच गोष्ट तुमच्या चार पानांत आहे.

आणि त्याची मागणी शहाणपणाची आहे. रिसीव्हर एका वेळी दोन-तीन मैदानात असतात, आलटून पालटून उतरतात. क्वार्टरबॅक एकच. पहिला धडधाकट असेल तर दुसरा सीझनभर कडेला उभा राहून खुणा करतो. कॉलेजांच्या खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनसीएएच्या स्वतःच्या अंदाजानुसार शाळेत फुटबॉल खेळणाऱ्या शंभरातले सातेकच कॉलेजच्या संघात पोचतात. कॉलेज संपवून ड्राफ्टला, म्हणजे व्यावसायिक संघांच्या निवडीला, पात्र ठरणाऱ्या शंभरातले दोनसुद्धा एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये निवडले जात नाहीत.

यजमानांचा उपाय म्हणे शाळा बदलून दहावी पुन्हा करायची, म्हणजे मुलगा वर्षानं मोठा आणि दांडगा होईल. तुमच्याकडच्या सरकारी शाळांच्या खेळाचे नियम यूआयएल ठरवते. नववीत पाऊल टाकल्यापासून चार वर्षं खेळता येतं, त्यापुढे नाही. म्हणजे वर्ष रिपीट केलं तर बारावीचा सीझन, ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तोच बुडाला. शिवाय खेळासाठी शाळा बदलली असं ठरलं तर निदान वर्षभर व्हार्सिटीतून बाहेर. हा बेत आजच सोडून द्या.

एनआयएलचा गैरसमज मात्र मुळातून काढायला हवा. खेळाडूंनी आपल्या नावावर नि चेहऱ्यावर पैसे कमवायला जुलै २०२१ पासून परवानगी आहे. जुलै २०२५ पासून तर कॉलेजंच खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा सगळे खेळ मिळून एका कॉलेजला सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. हे आकडे यजमानांना पाठ असणार. पण तुम्हीच लिहिलंय, की मुलगा पुण्यात जन्मलेला, एच-४ वर, म्हणजे पालकाच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, आहे आणि ग्रीन कार्डची रांग हलत नाही. एच-४ वरच्या मुलाला कमाई करता येत नाही. एकविसाव्या वर्षी तो त्यातून बाहेर पडेल, एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागेल, आणि त्यावरही परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम केलं तर स्टेटस जातं. शेजारच्या मुलानं रेस्टॉरंटची जाहिरात केली म्हणून तुमच्यानं करावी, असं नाही. फीची स्कॉलरशिप ही वेगळी गोष्ट, ती घेता येते. पण डिव्हिजन थ्रीची, म्हणजे एनसीएएच्या खालच्या गटातली, कॉलेजं खेळासाठी स्कॉलरशिप देत नाहीत आणि हार्वर्ड, प्रिन्स्टनसारखी आयव्ही लीगची कॉलेजंही नाहीत. कुठलाही कागद सही करण्याआधी इमिग्रेशन वकील गाठा, क्वार्टरबॅक कोच नंतर.

डिव्हिजन वनसाठी, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात खेळायला, शाळेतले सोळा कोअर कोर्स (मुख्य विषय) आणि त्यांत २.३ जीपीए (सरासरी गुण) लागतो. तुमच्या मुलाचे मार्क पाहता त्याची चिंता नको.

यजमान एनएफएलमध्ये पोचलेल्या जेलन हर्ट्स या क्वार्टरबॅकचं नाव घेतात ना? मग पूर्ण गोष्ट घ्यावी. जानेवारी २०१८ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात त्याच्या कॉलेजनं, अलाबामानं, त्याला हाफटाइमला बाहेर बसवलं. त्यानं पुढचं वर्ष तिथेच काढलं, पदवी हातात घेतली आणि मगच ओक्लाहोमाच्या कॉलेजला गेला. दुसरा क्वार्टरबॅक जो बरो, त्यानंही ओहायो स्टेट सोडून एलएसयूला (लुइझियाना स्टेटला) जाण्याआधी पदवी पूर्ण केली होती. दोघांचंही पुढे सोनं झालं. नसतं झालं तरी पदवी होतीच.

डॉक्टर हो म्हणाले तर वसंतातल्या सरावाला मुलगा रिसीव्हर म्हणून जाऊ दे. कोचशी त्याचं तो बोलेल, सोळा वर्षांचा आहे. एक्सेलची फाइल बंद करायची. कॉलेजची यादी मी देईन, पण पुढचं पत्र त्यानं स्वतः लिहिलं तर. इंग्रजीत लिहिलं तरी चालेल.