शेवटची एसटी आणि विद्यार्थी परिषद

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विद्यार्थी परिषदेच्या सभा दुपारी चारनंतर होतात आणि तोवर आम्हा खेड्यांवरच्या मुलींची शेवटची एसटी निघून जाते. मग ही परिषद आमची कशी?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : आपली तक्रार वेळेची दिसत असली, तरी ती मुळात प्रतिनिधित्वाची आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये महाविद्यालयीन परिषदेवर अध्यक्ष व सचिवांबरोबरच प्रत्येक वर्गाचा प्रतिनिधी, एक महिला प्रतिनिधी आणि मागास प्रवर्गांतून आळीपाळीने एक प्रतिनिधी, अशी तरतूद आहे. परंतु एसटीने ये-जा करणाऱ्यांसाठी वेगळी जागा नाही, म्हणून हा प्रश्न आपल्या वर्गप्रतिनिधीनेच मांडला पाहिजे. बसचे वेळापत्रक जोडून, सह्यांचा लेखी अर्ज द्यावा आणि सभा मधल्या सुट्टीत घेण्याची मागणी करावी. तोंडी सांगितलेले बहुधा विरून जाते. चंद्रपूर-गडचिरोलीसाठी २०११ मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळे गोंडवाना विद्यापीठ झाले, हा दाखलाही अर्जात अवश्य द्यावा. विद्यापीठ जवळ येऊ शकते, तर सभा दोन तास अलीकडे घेणे अवघड नसावे.