अमेरिकेत नोकरी गेल्यावर वर्षाच्या मध्येच आरोग्य विमा मिळेल की नाही, हे नक्की कोण ठरवतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : तुम्ही टेक्ससमध्ये राहता आणि ३१ मार्चला नोकरीबरोबर विमाही संपतोय. पत्नीच्या ऑफिसचं एचआर म्हणतं ३० दिवस, एजंट म्हणतो ६० दिवस आणि विमा कंपनी म्हणते, ‘हे आमच्या हातात नाही’. मग ठरवतं कोण?

तिघंही खरंच सांगतायत, फक्त प्रत्येक जण आपापल्या दारापुरतं बोलतोय. कोणत्या प्लॅनमध्ये शिरायचंय त्यावर ठरवणारा बदलतो.

आधी पत्नीच्या ऑफिसचा प्लॅन बघा, कारण तिथली मुदत सगळ्यात आधी संपते. तिथे निर्णय प्लॅन अॅडमिनिस्ट्रेटरचा असतो आणि आपल्याला दिसतं ते एचआर. पण त्यांना मनमानी करता येत नाही. १९९६ च्या हिपा या केंद्रीय कायद्यानुसार, दुसरीकडचा विमा गेला, लग्न झालं, मूल झालं किंवा दत्तक घेतलं, तर नाव नोंदवायला किमान ३० दिवस द्यावेच लागतात. नाकारलं तर कारण लेखी मागा आणि केंद्रीय कामगार खात्याच्या एम्प्लॉई बेनिफिट्स सिक्युरिटी अॅडमिनिस्ट्रेशनकडे दाद मागा. ही सेवा फुकट आहे, आणि आपली माणसं ती वापरतच नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

एजंट म्हणतो ते ६० दिवस मार्केटप्लेसचे, म्हणजे स्वतःचा विमा स्वतः विकत घ्यायच्या सरकारी बाजाराचे. टेक्ससला स्वतःचं मार्केटप्लेस नाही, त्यामुळे हेल्थकेअर डॉट गव्हवर अर्ज करायचा आणि पात्रता ठरवणार केंद्राची सीएमएस ही संस्था. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात असता तर तिथल्या राज्याच्या मार्केटप्लेसने ठरवलं असतं. एजंट अर्ज भरून देतो, पण ‘तुमचं होऊन जाईल’ हे त्याचं म्हणणं म्हणजे निर्णय नव्हे. विमा कंपनीलाही मार्केटप्लेसचा निकाल मानावा लागतो. मार्केटप्लेस टाळून थेट कंपनीकडून प्लॅन घेतलात तर मात्र तुमचे कागद तीच तपासते.

कागद म्हणजे विमा कोणत्या तारखेला संपतो हे सांगणारं जुन्या कंपनीचं किंवा विमा कंपनीचं पत्र. प्लॅन निवडल्यावर पुरावा मागितला तर तो पाठवायला ३० दिवस मिळतात. दिवस मोजायचे ते विमा संपल्यापासून, नोकरीच्या शेवटच्या दिवसापासून नाही. काढून टाकलं की स्वतः राजीनामा दिला, याने फरक पडत नाही. हप्ता थकवून विमा बंद पडला असेल तर मात्र ही सवलत नाही. तसंच कोब्रा (जुन्या नोकरीतलाच विमा स्वतः हप्ता भरून काही काळ चालू ठेवायची सोय) घेऊन काही महिन्यांनी ‘महाग पडतंय’ म्हणून सोडलंत, तर तेही ‘विमा गेला’ यात धरत नाहीत. ६० दिवस उलटून गेलेले असले तर पुढच्या ओपन एनरोलमेंटपर्यंत, म्हणजे दरवर्षी सगळ्यांसाठी विमा खुला होतो त्या ठरावीक काळापर्यंत थांबावं लागतं. या कोब्रामुळे पुष्कळ जण अडकतात.

सबसिडी, म्हणजे हप्त्यात मिळणारी सरकारी मदत, ही वेगळी गोष्ट आहे. पत्नीच्या ऑफिसचा कुटुंबासाठीचा विमा सरकारी निकषाप्रमाणे परवडणारा ठरला, तर मार्केटप्लेसवर तुम्हाला प्लॅन मिळेल, पण पूर्ण किमतीत. म्हणून एचआरकडून कुटुंबाच्या हप्त्याचा आकडा आजच मागून घ्या.

मार्केटप्लेसने नाही म्हटलं तर ते नोटिशीत येतं आणि त्या नोटिशीच्या तारखेपासून ९० दिवसांत अपील करता येतं. फोनवरच्या माणसाने ‘तुम्ही पात्र नाही’ म्हटलं म्हणून फोन ठेवून गप्प बसू नका. अर्ज भरा आणि निर्णय लेखी येऊ द्या, कारण अपील होतं ते त्या लेखी निर्णयावरच.

विमा संपायच्या आधी ६० दिवसांपासून अर्ज करता येतो. ३१ मार्चच्या आत प्लॅन निवडून पहिला हप्ता वेळेवर भरलात, तर १ एप्रिलपासून विमा लागू होईल.