स्क्रॅपचा ४८ व्होल्टचा एसएमपीएस घेण्याआधी अर्थिंग तपासा

तुमची पोस्ट वाचली. गोव्यात वाळपईच्या पुढे डोंगरावर वायरलेस इंटरनेटची साइट, चार सेक्टर रेडिओ (आजूबाजूला सिग्नल देणारे), एक बॅकहॉल (मुख्य नेटवर्कशी जोडणारा रेडिओ), एक स्विच. पाठीशी घरगुती इन्व्हर्टर आणि १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर बॅटरी. दिवसात दोनदा लाइट गेली की तिसऱ्या वेळी बॅटरी दोन तासांत बसते आणि लाइट आली तरी दोन रेडिओ हँगच. म्हणून मोबाइल टॉवरवरून उतरवलेला ४८ व्होल्टचा एसएमपीएस (एसीची डीसी करणारा पॉवर सप्लाय) स्वस्तात घ्यायचा आणि स्वस्तातला कन्व्हर्टर लावून रेडिओ २४ व्होल्ट पॅसिव्ह पीओईवर (नेटवर्कच्या केबलमधूनच थेट वीज देण्याची साधी पद्धत) चालवायचे, असं तुम्ही लिहिलंय. या शेवटच्या वाक्यासाठी हे उत्तर. पैसे दिले नसतील तर थांबा.

मोबाइल टॉवरची डीसी ही उणे ४८ व्होल्टची असते. म्हणजे बॅटरीचं प्लस टोक अर्थिंगला जोडलेलं आणि मायनस 'गरम'. टेलिफोन एक्स्चेंजच्या काळापासूनची ही पद्धत आहे, तांब्याच्या तारा गंजून खाल्ल्या जाऊ नयेत म्हणून. आपले पॅसिव्ह पीओईचे बरेचसे रेडिओ आणि स्विच नेमके उलटे: त्यांचं डीसी मायनस आतल्या आत आरजे४५ सॉकेटच्या पत्र्याला जोडलेलं असतं. तो पत्रा शील्डेड केबलच्या तारेतून टॉवरला, टॉवर अर्थिंगला आणि अर्थिंग एसएमपीएसच्या प्लस पट्टीला. बॅटरीचं वर्तुळ पूर्ण, म्हणजे शॉर्ट सर्किट. स्वस्तातल्या बक (व्होल्टेज उतरवणाऱ्या) कन्व्हर्टरनेही वाचत नाही, कारण त्याचं आतलं आणि बाहेरचं मायनस एकच असतं.

फसवं हे आहे की साध्या, बिनशील्डच्या केबलवर हीच जोडणी वर्षभर बिनबोभाट चालू शकते. रेडिओची बॉडी प्लास्टिकची, केबलला शील्ड नाही, मग वर्तुळ पूर्ण होणार कुठे? पावसाळ्याआधी कुणीतरी शहाणपणाने शील्डेड केबल ओढतो, प्लग खटकन बसतो आणि शील्डच्या आतली ती केसाएवढी उघडी तार फ्यूजचं काम करते. फ्यूज म्हणून ३२ अँपिअरचा एमसीबी लावला असेल तर तो ढिम्म हलत नाही. केबल कापून बघितली तर बाहेरचं काळं आवरण ठिकठिकाणी फुगलेलं आणि आत फॉइल तपकिरी होऊन तारेला चिकटलेलं दिसतं. आम्हाला सगळ्यात महाग पडलेली चूक हीच: दोन बॅकहॉल, एक स्विच आणि वरपासून खालपर्यंतची केबल एका दुपारी गेली. विकणाऱ्याने 'डीसीला अर्थिंग कुठलंही चालतं' असं सांगितलं होतं. चालत नाही.

तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. रेडिओ सुटा करा, बझरवर (दोन टोकं जोडलेली असली की वाजतो तो) मीटर ठेवा. पॅसिव्ह पीओईत साधारणपणे पिन ४-५ प्लस, ७-८ मायनस. एक प्रोब मायनसला, दुसरा सॉकेटच्या पत्र्याला किंवा अर्थिंगच्या स्क्रूला. बझर वाजला तर मायनस पत्र्याला बांधलेलं आहे. मग एसएमपीएस उघडून प्लसच्या पट्टीपासून अर्थिंगच्या पट्टीकडे जाणारी तांब्याची लिंक शोधा. आणि सगळं जोडून झाल्यावर, शेवटचा प्लग खुपसण्याआधी, केबलच्या शील्डपासून सॉकेटच्या पत्र्यापर्यंत डीसी व्होल्ट मोजा. शून्याच्या आसपास यायला हवेत. ५४ (चार्ज होणाऱ्या ४८च्या बॅटरीचे व्होल्ट) दिसले तर प्लग खाली ठेवा.

'लिंक काढून मायनस अर्थ करू' असं कुणीतरी सुचवेलच. त्यात एक खोच आहे. उणे ४८च्या एसएमपीएसच्या कपाटात फ्यूज, एमसीबी आणि एलव्हीडीचा (बॅटरी उतरली की लोड तोडणाऱ्या यंत्रणेचा) कॉन्टॅक्टर हे सगळं मायनसच्या वाटेवर असतं, प्लसची पट्टी सरळ. अर्थिंग मायनसला नेलंत तर प्लसची तार टॉवरला घासल्यावर मध्ये लोडचा एकही फ्यूज उरत नाही. सगळे फ्यूज प्लसवर हलवणार असाल तरच त्या वाटेने जा. नाहीतर आयसोलेटेड (इनपुट-आउटपुट एकमेकांना न जोडलेला) डीसी-डीसी कन्व्हर्टर घ्या, इनपुट ३६ ते ७२ व्होल्ट, आउटपुट २४, आणि आउटपुटचं मायनस अर्थ करा. 'आयसोलेटेड' या छापील शब्दावर जाऊ नका. इनपुट मायनस ते आउटपुट मायनस बझर लावा, वाजता कामा नये. (रेडिओ ८०२.३ एएफ किंवा एटी या पीओईच्या मानकाचे असतील तर त्या मानकातच आयसोलेशन सक्तीचं आहे, हा घोळ बहुतेक होत नाही. पण तुमचे पॅसिव्ह आहेत.)

माझं स्पष्ट मत: ४० वॅटच्या साइटला ते कपाट नकोच. २५-५० अँपिअरचे मॉड्यूल एका अँपिअरच्या लोडवर चालवायचे, पंख्यात जाळी आणि मुंगळे साचणार, आणि मॉड्यूल गेलं की त्याच मॉडेलचं दुसरं शोधत फिरायचं. सरळ २४ व्होल्टची सिस्टिम करा.

हिशोब असा. तुमचे रेडिओ, बॅकहॉल आणि स्विच मिळून ४० वॅट धरू. आज तुम्ही बॅटरीची डीसी आधी २३० व्होल्ट एसी करता आणि अडॅप्टर ती परत डीसी करतो. इन्व्हर्टर रिकामा असतानाही १०-२० वॅट खातो, अडॅप्टर आणखी १५-२० टक्के. ४० वॅटसाठी बॅटरीतून ६५-७० वॅट जातात. थेट डीसीवर ४५च्या आत भागतं. दहा तासांचा बॅकअप म्हणजे ४०० वॅटतास. २४ने भागले की साधारण १७ एएच. लेड-अ‍ॅसिड निम्मीच वापरायची म्हणून ३४, वयाची घट धरून ४२. म्हणजे १२ व्होल्ट ४२ एएचच्या दोन सीलबंद बॅटऱ्या सिरीजमध्ये, दोन्ही एकाच दिवशी घेतलेल्या. जुनी-नवी जोडी लावू नका. लिथियम फॉस्फेट घ्यायची असेल तर आठ सेलची, २५.६ व्होल्ट, २५ एएच पुरे.

बॅटरी मरते ती बहुतेक वेळा चार्जरमुळे. १७ एएच उपसल्यावर चार्जर एक अँपिअरचा असेल तर भरायलाच पाऊण दिवसाहून जास्त जातो. आषाढात तेवढा वेळ सलग लाइट राहत नाही. बॅटरी कायम अर्धपोटी, प्लेटवर सल्फेट, आणि 'कंपनी खराब' असा निकाल. चार्जिंगला ४-५ अँपिअर आणि लोडला दोन अशी सोय हवी, म्हणजे २७.६ व्होल्टवर साधारण १६५-१९५ वॅटचा चार्जर-एसएमपीएस. फ्लोट (भरलेली बॅटरी भरलेली ठेवणारं व्होल्टेज) २७.२ ते २७.६, हा आकडा २५ अंशांचा. डबा तापला की अंशामागे २४ व्होल्टच्या जोडीला साधारण ३६ मिलिव्होल्ट कमी करावे लागतात. आधी रेडिओचं लेबल वाचा. २४ व्होल्ट अधिक-उणे १० टक्के असं लिहिलं असेल तर कमाल २६.४ झाली, फ्लोट त्याच्या बाहेर गेला. अशा रेडिओला मध्ये रेग्युलेटर लागेल.

तुमचे रेडिओ हँग होण्याचं कारण बहुधा व्होल्टेज हळूहळू ढासळणं. त्याला एलव्हीडी हवा, आणि तोडण्याचा व जोडण्याचा आकडा वेगळा हवा. लेड-अ‍ॅसिडला २३.४वर तोड, २६वर जोड. लिथियमला २४.८च्या आसपास तोड. बीएमएसच्या (लिथियम बॅटरीतल्या संरक्षक सर्किटच्या) कटऑफवर रोज अवलंबून राहू नका, तो शेवटचा आधार आहे. तोड-जोडीचे आकडे एकमेकांच्या जवळ असले की लोड सुटल्यावर बॅटरी जरा वर येते, एलव्हीडी परत जोडतो, परत तोडतो, आणि रेडिओ रात्रभर बूट होत राहतात.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात, १० अँपिअरचा. घरातला एसी एमसीबी डीसीत वापरू नका. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीत ती धरून राहते.

केबल निव्वळ तांब्याचीच घ्या. ५० मीटरच्या चांगल्या केबलमध्ये दोन-दोन तारा जोडून येण्याजाण्याचा रोध साधारण ४.२ ओहम. ८ वॅटच्या रेडिओला २४ व्होल्टवर दीड व्होल्ट वाटेतच जातात. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर ही घट दीडपटीहून वर जाते आणि किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत प्लगमधल्या तारेची पांढरी भुकटी होते.

तुमच्या भागात आणखी एक धोका न्यूट्रल तुटण्याचा. फणसाची फांदी लाइनवर पडली, न्यूट्रल गेला की सिंगल फेजवर ३०० ते ४०० व्होल्ट येऊ शकतात. एसएमपीएसच्या आधी ओव्हर-अंडर व्होल्टेज कटऑफ बसवा, १७० ते २७० व्होल्ट, जोडायला दोन-तीन मिनिटं उशीर. बॅटरीपेक्षा कितीतरी स्वस्त. चिऱ्याच्या जमिनीत अर्थिंगचा रोध मार्च-एप्रिलमध्ये खूप वाढतो, म्हणून खड्डा पावसात मोजून समाधान मानू नका. टॉवरचं आणि पॉवरचं अर्थिंग एकमेकांना जोडलेलंच हवं.

डबा पांढरा, वर वीतभर उंच दुसरा पत्रा, खाली जाळीच्या फटी. लेड-अ‍ॅसिड हवाबंद डब्यात ठेवायची नाही, चार्ज होताना हायड्रोजन निघतो. आणि दर १० अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणून बॅटरी खाली, एसएमपीएस वर.

वरचे आकडे नेहमीच्या सीलबंद बॅटऱ्यांचे आहेत, तुमच्या बॅटरीच्या डेटाशीटवर वेगळं असेल तर तेच पाळा. २३० व्होल्टच्या बाजूला परवानाधारक वायरमनच हवा. चवथीच्या आधी साइट उभी करायची म्हणालात, तर आधी दोन गोष्टी मोजून टाका: २४ तासांत प्रत्यक्ष किती वॅट जातात, आणि त्या बझरचा निकाल. रेडिओचं मॉडेल व लेबलवरचा व्होल्टेजचा पल्लाही लिहा, म्हणजे रेग्युलेटर लागतो की नाही ते सांगता येईल.