आधी त्याची वही परत द्या

प्रश्न : इचलकरंजीत माझे यंत्रमाग आहेत. मुलाला दहावीला 91 टक्के पडले म्हणून अकरावी सायन्स घेतलं, सोबत जेईईचा क्लास लावला. सहामाहीला फिजिक्समध्ये 38 मार्क आले. रात्री मोबाइलवर गाण्यांचे व्हिडिओ, बहुतेक इंग्रजी, तेच तेच दहा वेळा बघतो आणि वहीत काहीतरी लिहीत बसतो. वही मी काढून घेतली आहे. पानांचे फोटो सोबत पाठवतो. नुसतं बघण्यात कसलं आलंय डोकं? सिनेमाच्या लाइनला जाऊन डायरेक्टर व्हायचं खूळ शिरलेलं दिसतंय. त्याचं मन अभ्यासाकडे कसं वळवावं?

उत्तर : नमस्कार. 38 मार्कांची मला विशेष काळजी वाटली नाही. दहावीला नव्वदच्या वर असलेली मुलं अकरावीच्या सहामाहीत आपटतात, हे मी दरवर्षी बघते. त्यातली बरीचशी मार्चपर्यंत सावरतात. माझं मन अडकलं ते तुमच्या एका वाक्यात : वही मी काढून घेतली आहे.

मोबाइल काढून घेतला असतात तर मी समजू शकले असते. रात्री अकरानंतर तो तुमच्या खोलीत राहील असा नियम आजही करा, माझी हरकत नाही. पण मोबाइल त्याच्याकडेच आहे आणि वही तुमच्या कपाटात. म्हणजे बघणं चालूच राहिलं, थांबलं ते त्यावर विचार करणं. आणि तुमच्या पत्रात क्लास आहे, टक्के आहेत, मार्क आहेत. मुलगा स्वतः काय म्हणतो याचा एक शब्दही नाही. त्याला विचारलंत का? "हे काय लिहितोस?" एवढं तरी?

तुम्ही नाही विचारलंत, म्हणून मी पानं नीट वाचली. प्रत्येक पानावर पाच रकाने आहेत. पहिले चार : वेळ, शॉट (कॅमेऱ्याने न तोडता घेतलेला एक तुकडा), बोल, चित्र. पाचव्या रकान्यात नुसतं चिन्ह. बोल आणि चित्र एकच सांगत असतील तिथे बरोबरचं चिन्ह, चित्र बोलांत भर घालत असेल तिथे अधिकचं, आणि दोघं दोन दिशांना जात असतील तिथे फुली. अलिशा चिनॉयचं 1995 सालचं 'मेड इन इंडिया' घेतलंय. बोलांमध्ये मागणी आहे ती हिंदुस्थानी हृदयाची. व्हिडिओत देशोदेशीचे उमेदवार नाकारून झाल्यावर लाकडी खोक्यातून मिलिंद सोमण बाहेर येतो. तिथे त्याने अधिकचं चिन्ह केलंय आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलंय, 'खोका शब्दांत नाही.'

अँड्र्यू गुडविन नावाच्या अभ्यासकाने 1992 साली म्युझिक व्हिडिओवर पुस्तक लिहिलं. बोल आणि चित्र यांच्या नात्याचे हेच तीन प्रकार त्यात आहेत. इंग्लंडमध्ये तुमच्या मुलाच्या वयाची मुलं ए लेव्हलला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीला, मीडिया स्टडीज घेतात, तिथे म्युझिक व्हिडिओ अभ्यासक्रमातच असतो आणि परीक्षेत त्यावर उत्तरं लिहावी लागतात. तुमच्या मुलाला हे कुणी शिकवलेलं नाही. त्याने ते रात्री स्वतः शोधून काढलंय. मला त्याचं फार कौतुक वाटलं आणि ते तुम्हाला सांगताना मी हातचं राखणार नाही.

दुसरं पान मायकल जॅक्सनच्या 'थ्रिलर'चं, 1983. सुमारे चौदा मिनिटांचा व्हिडिओ आणि अल्बममधलं गाणं साधारण सहा मिनिटांचं. मुलाने दोन्ही शेजारी शेजारी मांडलेत. अल्बममध्ये कडवं, मग ध्रुवपद, अशी नेहमीची चाल आहे. व्हिडिओत मात्र कडवी एकापाठोपाठ येतात आणि ध्रुवपद पार झोंबींच्या नाचापर्यंत राखून ठेवलंय. हे त्याने लाल पेनाने जोडून दाखवलंय. वर्षानुवर्षं हे गाणं ऐकणाऱ्या लोकांच्याही हे ध्यानात येत नाही, कारण डोळे चित्रात गुंतलेले असतात. त्याचे कान जागे होते.

आता 'नुसतं बघणं' याबद्दल. हा गैरसमज मी कितीतरी घरांत ऐकते, पण तुमच्याकडून यायला नको होता. मागावरून उतरलेला तागा चेकिंगला येतो तेव्हा तुम्ही काय करता? बघताच. मला दहा मीटर पांढरं कापड दिसेल. तुम्हाला तुटलेला धागा, विरळ पडलेला पट्टा, तेलाचा डाग दिसेल. शंका आली तर भिंग लावून इंचात किती धागे आहेत ते मोजाल. शेडमध्ये चोवीस मागांच्या खडखडाटात एखाद्याचा ताल बदलला तर मान आधी तिकडे वळते. हे डोळे आणि हे कान तुम्हाला पुस्तकातून मिळालेले नाहीत, वर्षानुवर्षं तेच तेच बघून-ऐकून आलेत. तुमचा मुलगा तेच करतोय. तुम्ही इंचात धागे मोजता, तो मिनिटात शॉट मोजतोय. गायकाचा चेहरा जवळून नेमका कधी दाखवतात, तो ध्रुवपदावरच का येतो, याचा हिशोब त्याने तीन गाण्यांत केलाय. खाली लिहिलंय, 'चेहरा विकायचा असतो म्हणून.' बरोबर आहे. हे व्हिडिओ मुळात रेकॉर्ड विकण्यासाठीच कंपन्या करून घेत आल्या. एवढा व्यवहार त्याला कळतो, हे बघून तुम्हाला तरी आनंद व्हायला हवा.

डायरेक्टरचं म्हणाल तर ते खूळ मला तरी वहीत कुठे सापडलं नाही. 'मी असा व्हिडिओ करीन' असं एकही वाक्य नाही, कॅमेऱ्याचा उल्लेख नाही. तो तोडून बघतोय, सांधा कुठे आहे ते शोधतोय. मला विचाराल तर हे लक्षण एडिटरचं, म्हणजे शॉट कापून जोडणाऱ्याचं आहे, नाहीतर अभ्यासकाचं. पण हा माझा अंदाज. सतराव्या वर्षी वहीवरून कुणाचं आयुष्य ठरवू नये, ना तुम्ही ना मी.

परीक्षांचं थोडक्यात : पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-शिक्षण संस्थेत किंवा कोलकात्याच्या तशाच सत्यजित रे संस्थेत एडिटिंगच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला पदवी आणि प्रवेश परीक्षा लागते, पदवी कुठलीही चालते, इंजिनिअरिंगचीसुद्धा. म्हणजे आज सायन्स सोडायची घाई नाही. जेईईच्या क्लासचं वेगळं. तो त्याला हवा आहे का, हे त्याच्या तोंडून ऐका. नको म्हणाला तर भरलेली फी गेली असं समजा. तेवढ्यासाठी त्याची आणखी दीड वर्षं घालवू नका. फिजिक्सला मात्र घराजवळचा एखादा चांगला शिक्षक बघा, कारण बारावी नीट पास होणं त्यालाही लागणारच आहे.

येत्या रविवारी एक करा. त्याच्या शेजारी बसा आणि कुठलाही एक व्हिडिओ आधी आवाज बंद करून बघा, मग डोळे मिटून नुसता ऐका. शॉट तुम्ही मोजा, त्याला ताडून बघू द्या. तुमची नजर त्याच्यात कशी उतरलीय, हे तुम्हाला माझ्या पत्रापेक्षा तिथे लवकर कळेल.

त्याला माझा एक निरोप द्या. ए-हा या नॉर्वेच्या बँडच्या 'टेक ऑन मी' गाण्याच्या पानावर त्याने मथळा दिलाय, 'व्हिडिओने गाणं तारलं.' इथे तो घाईत आहे. 1984 मध्ये ते गाणं साध्या व्हिडिओसह आलं आणि ब्रिटनमध्ये पडलं, हे खरं. 1985 मध्ये दिग्दर्शक स्टीव्ह बॅरनने पेन्सिलीच्या चित्रांचा व्हिडिओ केला, सुमारे 3000 चित्रं, सोळा आठवड्यांचं काम, आणि गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, हेही खरं. पण मधल्या काळात गाणंसुद्धा नव्याने रेकॉर्ड केलं होतं. मग श्रेय कुणाचं आणि किती? दोन्ही रेकॉर्डिंग ऐकून त्याने मला लिहावं.

त्याच पानावर शेवटची नोंद 1 मिनिट 52 सेकंदांची आहे. वेळ लिहिलीय, शॉट लिहिलाय, पुढचे रकाने कोरे आहेत. बहुधा तेवढ्यात तुम्ही खोलीत आलात. ते पान पूर्ण झालं की फोटो पाठवा, या वेळी त्याला विचारून.