मशीन बाजूला ठेवा, आधी फणी हातात घ्या

तुम्ही लिहिलंय की तुमचा कुत्रा शेरू गोल्डन रिट्रीव्हर आहे, तीन वर्षांचा. सांगलीच्या विश्रामबागेत सगळ्यात वरच्या मजल्यावर घर, स्लॅब तापतो, आणि मार्च लागल्यापासून तो दिवसभर बाथरूमच्या फरशीवर पडून धापा टाकतोय. शेजाऱ्यांनी सांगितलं, सगळे केस उतरवून टाका, म्हणून तुम्ही मशीन आणलंत. आता सुरुवात कुठून करायची, एवढंच विचारलंय.

दादा, मशीन परत करू नका, उपयोगाला येईल. पण शेरूच्या पाठीवर ते अजिबात फिरवू नका. कळकळीने सांगते, कारण ही चूक मी केलेली आहे आणि ती वर्षभर रोज डोळ्यांसमोर होती.

आमच्याकडे सोनी होती. पॉमेरियन म्हणून आणलेली, खरं तर आपल्याकडे घरोघरी दिसते ती पांढरी इंडियन स्पिट्झ. 2011 च्या एप्रिलमध्ये तिची तगमग बघवेना, म्हणून मीच गच्चीवर बसून तिचे सगळे केस कातडीपर्यंत उतरवले. घरातले सगळे म्हणाले, बरं झालं, मोकळी झाली बिचारी. ती मात्र दोन दिवस पलंगाखालून बाहेर आली नाही. धापा तेवढ्याच. आठवड्याभरात पाठ लाल झाली, कारण सकाळच्या उन्हात गच्चीवर बसायची तिची सवय होती आणि आता पाठीवर काहीच नव्हतं. गुलाबी कातडी हळूहळू राखाडी आणि मग काळपट पडली. पावसाळ्यात पायाचे, शेपटीचे केस आले. पाठीवर मात्र नुसती कापसासारखी लव आली, वरचे लांब राठ केस आलेच नाहीत. त्या लवेत कुसळं अशी अडकायची की रोज संध्याकाळी एकेक वेचून काढावं लागे. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, वाट बघा, औषध नाही. पूर्ण पाठ भरायला पुढची संक्रांत उजाडली.

असं का होतं ते समजलं की शेजाऱ्यांनाही सांगता येईल. गोल्डन, लॅब्रॉडॉर, जर्मन शेफर्ड, हस्की, पॉमेरियन, स्पिट्झ या सगळ्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे लांब, राठ केस ऊन आणि पाणी अडवतात. खालची दाट, मऊ लव थंडीत ऊब धरते. उन्हाळ्याच्या तोंडावर ही लव झडते, आणि ती झडून निघून गेली की वरच्या केसांच्या आत हवा खेळते. जत-आटपाडीकडचे धनगर भर उन्हातही घोंगडं अंगावर घेतात ते उगाच नाही, ते उन्हालाही आड करतं. शेरूचे वरचे केस तेच काम करतात.

यावर मला हमखास विचारतात की मेंढरांची लोकर कातरतात की, मग कुत्र्याची का नको? मेंढीची लोकर वाढतच राहते, कातरली नाही तर तिला तिचा भार होतो. गोल्डनचा केस एका ठरावीक लांबीपर्यंत वाढतो, थांबतो, बरेच महिने तसाच राहतो आणि मग गळून नवा येतो. त्याला मध्येच कातडीलगत कापलं तर मूळ लगेच कामाला लागेल असं नाही. स्पिट्झ, पॉमेरियन आणि हस्कीमध्ये हा धोका सगळ्यात जास्त, पण गोल्डनचेही केस परत येताना वेगळ्या पोताचे, ठिगळं लावल्यासारखे येऊ शकतात.

आणि दुसरी गोष्ट, आपल्याला अंगभर घाम येतो, म्हणून उघड्या अंगाला वारा लागला की गार वाटतं. कुत्र्याला घाम येतो तो पंजांच्या गाद्यांना, तोही थोडाच. त्याचं अंग गार होतं ते मुख्यतः जीभ बाहेर काढून धापा टाकल्याने. पाठ उघडी करून आपल्याला मिळतं तसं सुख त्याला मिळत नाही.

मग शेरूला त्रास कशाचा होतोय? माझा अंदाज, मेलेली लव. सुटलेली, पण अंगाबाहेर न पडलेली. वरून हात फिरवलात तर केस छान चकचकीत लागतील. आता मांडीच्या मागे किंवा मानेच्या खाली बोटं कातडीपर्यंत घालून बघा. गादीतल्या कापसासारखं दाबून बसलेलं काही लागलं, तर तेच. हवा आत जाऊ देत नाही ते हेच, आणि हे काढायला मशीन लागत नाही.

दोन वस्तू आणा: एक स्लिकर ब्रश, बारीक वाकड्या तारांचा, आणि एक अंडरकोट रेक, म्हणजे लांब, बोथट दातांची फणी. धारदार पात्याची फणी मिळते, ती टाळा, ती वरचे चांगले केसही कापते. बसायचं संध्याकाळी, गच्चीवर, फरशी निवल्यावर. डाव्या तळहाताने केस वर उचलून धरायचे, म्हणजे खाली कातडीची एक पांढरट रेघ दिसते. त्या रेघेपासून थोडे-थोडे केस सोडत, केसांच्या दिशेने, हलक्या हाताने फणी ओढायची. वरवर शंभर वेळा फिरवण्यापेक्षा अशी एक रेघ बरी. रेघ मोकळी झाली की बोटभर वर सरकायचं. पहिल्या दिवशी एवढी लव निघेल की बाजाराची पिशवी भरेल, घाबरू नका. एका जागी रगडत बसू नका, कातडी लाल होते. वीस मिनिटं झाली की थांबायचं, खाऊ द्यायचा, बाकीचं उद्या. तीन-चार दिवसांत अंग मोकळं होतं.

आंघोळ घालायची ती फणी करून झाल्यावर, आधी नाही. जटा भिजल्या की आवळतात, मग त्या सोडवता येत नाहीत. शॅम्पू कुत्र्यांचाच घ्या. आंघोळीनंतर पंख्यासमोर पूर्ण वाळू द्या आणि वाळता वाळता पुन्हा फणी करा, उरलेली लव तेव्हाच सगळ्यात जास्त सुटते. वाळलाय की नाही ते बघायला कानामागे आणि मांडीच्या मुळाशी बोट घाला. गार लागलं तर आत अजून ओल आहे. घाटावर कृष्णेत डुंबवून आणून कुत्र्याला तसंच सोडणारे मला खूप भेटतात. लव दिवसभर ओली राहते, खाली कातडी चिघळते आणि दोन दिवसांत तळहाताएवढा ओला, लालभडक चट्टा पडतो.

फणी करताना गोचीड बघत जा. बोटांच्या बेचक्यात, कानाच्या आत, पट्ट्याखाली. दिसली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा आणि डॉक्टरांकडून गोचिडीचं औषध घ्या. रॉकेल वगैरे काहीही लावू नका, ते कातडी भाजतं आणि चाटलं तर पोटात जातं.

आता मशीन. ते चालवायच्या जागा तीन: पोट, शेपटीखालचा भाग आणि पंजांच्या गाद्यांमधले केस. पोटाचा खूप फायदा होतो, कारण कुत्रा गार फरशीवर पोट टेकून पडतो आणि मध्ये दाट केस नसले की फरशीचा गारवा थेट लागतो. अंग पूर्ण कोरडं असताना, 10 नंबरच्या ब्लेडने, केसांच्या दिशेने. 10 नंबर साधारण दीड मिलिमीटर केस ठेवतं. नंबर जसा चढतो तसं ब्लेड जास्त बारीक कापतं, हे लक्षात ठेवा, कारण पुष्कळ जण उलटं समजून 30 किंवा 40 नंबर लावतात आणि कातडीला जखम करतात. दाढीच्या ट्रिमरने हे करू नका. दाट केसात तो अडकतो, केस ओढतो, आणि एकदा दुखलं की कुत्रा पुन्हा मशीनजवळ येत नाही.

शेरूला कुशीवर झोपवा, दुसऱ्या कुणाला तरी डोक्याशी बसवा. मशीन आधी नुसतं चालू करून जवळ ठेवा, आवाजाची सवय होऊ द्या, हवं तर दोन-तीन दिवस नुसतं तेवढंच. एका हाताने कातडी ताणून धरायची आणि ब्लेड सपाट, टोक खाली न रोवता. मागच्या पायापासून पोटाकडे येणारी कातडीची पातळ घडी असते ना, पडद्यासारखी, ती सगळ्यात आधी कापली जाते. तिथे मशीन नेऊच नका. नरालाही स्तनाग्रं असतात, केसात दिसत नाहीत, आधी बोटाने चाचपून घ्या. काख आणि जांघही ब्लेडने करू नका. आणि दर दोन-तीन मिनिटांनी ब्लेड आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघा. आपल्याला चटका वाटला तर त्याला तिथे फोड येणार. बंद करा, केस झटका, दोन थेंब तेल सोडा, निवू द्या. पोटाला कुठे जरा लागलंच तर पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन लावा. आपल्या सांगलीत हात आधी हळदीच्या डब्याकडे जातो, पण पूड जखमेत बसून खपली धरते आणि खाली काय चाललंय ते दिसत नाही.

मांड्यांचे आणि शेपटीचे लोंबते केस कात्रीने दोन-चार बोटं कमी करायला हरकत नाही. जटांना मात्र कात्री लावू नका. कानामागच्या जटेत कातडी वर खेचलेली असते, आपल्याला वाटतं केस कापतोय आणि कापली जाते कातडी. ओळखीतल्या एका ल्हासाला कानामागे असेच टाके पडले. जटेच्या खाली, कातडीच्या बाजूला फणी आडवी धरा आणि जटेचं टोक बोटांनी थोडं थोडं सोडवा. सुटतच नसेल तर फणी तशीच ठेवून तिच्यावरून मशीनने जट काढा, म्हणजे ब्लेड आणि कातडी यांच्यात फणीचे दात राहतात.

हा सगळा नियम शेरूसारख्या, दोन थरांच्या आणि ठरावीक लांबीवर थांबणाऱ्या केसांच्या कुत्र्यांचा. कुणाकडे ल्हासा, शिट्झू किंवा पूडल असेल तर त्यांचे केस आपल्यासारखे वाढत राहतात, ते कापावेच लागतात. तरी कातडीपर्यंत नाही, मशीनच्या ब्लेडवर प्लॅस्टिकची फणी चढवून निदान अर्धा-पाऊण इंच ठेवून. देशी कुत्री आणि आपल्या भागातली करवानी जातीची शिकारी कुत्री यांना तर आठवड्यातून एकदा रबरी ब्रश पुरे. गोल्डनलाही पूर्ण उतरवायची वेळ येते ती अंगभर जटा आवळल्या असतील तेव्हा, किंवा कातडीच्या आजारासाठी डॉक्टरांनीच सांगितलं तर. मग केस येईपर्यंत त्याला उन्हात सोडायचं नाही.

पण खरं सांगू, तुमच्या चिठ्ठीत केसांपेक्षा मला ती स्लॅबची गोष्ट जास्त काळजीची वाटली. दुपारी तो ज्या खोलीत असतो ती किती तापते? खाली ओलं तरट अंथरा, खिडकी उघडी ठेवून कूलर लावा, पाण्याची भांडी दोन ठेवा. ओला टॉवेल मात्र अंगावर पांघरून ठेवू नका, तो थोड्या वेळात गरम होतो आणि उष्णता आत कोंडतो. फिरायला सकाळी सहाच्या आत आणि रात्री आठनंतर. निघण्याआधी हाताची मागची बाजू डांबरावर टेकवून सात-आठ आकडे मोजा, ठेववत नसेल तर त्याच्या गाद्याही भाजतील. आणि त्याच्या बरगड्या चाचपा. हलक्या हाताने लागल्या पाहिजेत. लागत नसतील तर चपाती-दूध आणि बिस्किटं आजच कमी करा, अंगावरची चरबीही उष्णता आत धरून ठेवते. पहाटे गारव्यात निजलेला असतानाही धापा चालू असतील तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवा, हृदयाचं किंवा फुप्फुसाचंही काही असू शकतं.

हे पाठच करून ठेवा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट. 104 च्या वर गेलं, जीभ-हिरड्या लालभडक झाल्या, घट्ट लाळ गळायला लागली, चालताना झोकांड्या गेल्या किंवा उलटी झाली, तर तो उष्माघात. तिथल्या तिथे साध्या गार पाण्याने पूर्ण भिजवा, पोट आणि जांघा आधी, आणि पंखा लावा. पाणी थेट कातडीपर्यंत पोचलं पाहिजे, दाट केसांवरून नुसतं ओघळतं. 103 वर आलं की भिजवणं थांबवा आणि लगेच दवाखाना गाठा. तो उठून चालायला लागला तरी न्या, कारण मूत्रपिंडाला झालेली इजा एक-दोन दिवसांनी दिसते.

आज संध्याकाळी फक्त कानामागचा भाग आणि मांड्या एवढंच करा. लव किती निघाली आणि जटा कुठे आहेत त्याचा फोटो टाका. पोटावर मशीन लावण्याआधी तुमच्या ब्लेडवरचा नंबरही कळवा, तो बघूनच पुढचं सांगते.